वाचकांचे प्रश्न : विजेचे बिल आणि जाळीवरचा पुठ्ठा

कार्यालयीन इमारतींमधील विजेचा खर्च आणि तिथे काम करणाऱ्यांचे स्वास्थ्य या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रांचा आशय थोडक्यात दिला असून पाठवणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या कंपनीचे कार्यालय स्वतःच्या चार मजली इमारतीत आहे. इमारत २० वर्षांची आहे. विजेचे बिल दरवर्षी वाढते आहे आणि कंत्राटदाराने संपूर्ण वातानुकूलन यंत्रणा बदलण्याचा प्रस्ताव दिला आहे. दुसरीकडे कुणाला थंडी, कुणाला उकाडा, अशा कर्मचाऱ्यांच्या तक्रारी थांबत नाहीत. पैसा मर्यादित आहे. आधी बिलाकडे पाहावे की तक्रारींकडे?
— प्रशासन व्यवस्थापक

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले, कारण बिल आणि तक्रारी ही दोन वेगळी दुखणी आहेत असे त्यात गृहीत धरले आहे. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक इमारतींत या दोन्हींचे मूळ एकाच ठिकाणी सापडले आहे. बाहेर कडक ऊन असताना एखादा कर्मचारी आत स्वेटर घालून बसला असेल, तर त्याला थंडी वाजावी यासाठी कंपनी वीज विकत घेते आहे, असाच त्याचा हिशेब होतो. म्हणून कंत्राटदाराचा प्रस्ताव तूर्त बाजूला ठेवावा आणि दोन कागद हाती घ्यावेत : गेल्या वर्षभराची तक्रारवही आणि मीटरची तासागणिक नोंद.

आधी मीटर. आठवड्याचे १६८ तास असतात. कार्यालय पाच दिवस, रोज १० तास चालत असेल, तर ते ५० तास भरलेले आणि ११८ तास रिकामे असते. समजा, दिवसाचा भार ६० किलोवॉट आणि रात्री व सुट्टीच्या दिवशी २० किलोवॉट आहे. मग कामाच्या वेळेतला वापर आठवड्याला ३,००० युनिट होतो आणि कुणीही नसताना झालेला वापर २,३६० युनिट. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण स्वतःच्या मीटरवर हे गणित मांडून पाहिल्यावर अनेक व्यवस्थापक चकित होतात. एखाद्या रात्री दहाच्या सुमारास स्वतः इमारतीत फेरी मारावी आणि कानाने ऐकावे. सर्व्हरची खोली चालू असणारच. पण स्वच्छतागृहांचे एक्झॉस्ट पंखे, पाणी थंड करणारी यंत्रे, रिकाम्या जिन्यातले दिवे, कधीतरी एका उशिरा चाललेल्या बैठकीसाठी स्वयंचलित नियंत्रणातून काढून हाताने सुरू केलेला आणि पुन्हा कुणीच पूर्ववत न केलेला पंप, असे बरेच काही त्या शांततेत सापडते. हे सगळे बंद करण्यास नवे यंत्र लागत नाही आणि कर्मचाऱ्यांची कोणतीही सोय त्यामुळे कमी होत नाही.

आता तक्रारवही. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाची पाहणी करताना छतातल्या हवेच्या जाळीवर चिकटवलेला पुठ्ठा मला दिसला. चिकटपट्टीचे तीन थर होते. सर्वांत खालचा पिवळा पडलेला, वरचा नवा. त्याखाली बसणाऱ्या बाई म्हणाल्या, “हा तिसरा पुठ्ठा आहे. सफाईच्या वेळी काढतात, मी पुन्हा लावते.” शेजारच्या दोन जाळ्यांवरही पुठ्ठे होते, कारण पहिल्या जाळीतून अडवलेली थंड हवा पुढच्या माणसाच्या डोक्यावर जात होती. त्या भागाचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून यंत्रणेला आदेश देणारे उपकरण, एका खांबावर होता आणि खांबाला टेकून कुणीतरी झेरॉक्सचे यंत्र आणून ठेवले होते. यंत्राच्या मागून निघणारी गरम हवा थेट थर्मोस्टॅटवर आदळत होती. थर्मोस्टॅट २७ अंश दाखवत होता, तर त्या बाईंच्या टेबलावर मी ठेवलेला तापमापक साडेएकवीसच्या आसपास होता. यंत्रणा इमानाने आपले काम करत होती. तिला मिळणारी माहिती चुकीची होती. झेरॉक्सचे यंत्र हलवले, पुठ्ठे काढले, जाळ्यांतून येणाऱ्या हवेचे प्रमाण पुन्हा जुळवले. सगळे मिळून एका दिवसाचे काम होते. त्या बाईंनी मात्र तीन उन्हाळे तिथे कुडकुडत काढले होते, याचे मला अजून वाईट वाटते.

तुमच्याकडेही आधी असेच दोष शोधावेत. फिल्टर तुंबलेले असतात, कंडेन्सरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) कॉइलवर धुळीची साय धरलेली असते, हवेचे प्रमाण कमी-जास्त करणाऱ्या झडपा, म्हणजे डॅम्पर, अर्धवट उघडून अडकलेले असतात, भिंती हलवून नव्या खोल्या केलेल्या असतात पण वरचे हवेचे मार्ग, म्हणजे डक्ट, जुन्याच आराखड्याप्रमाणे राहिलेले असतात. त्यानंतर पंखे आणि पंप पाहावेत. पंख्याला लागणारी वीज त्याच्या गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे गती ८० टक्क्यांवर आणली, की सिद्धान्ताप्रमाणे वीज सुमारे ५१ टक्केच लागते. प्रत्यक्षात बचत थोडी कमी होते, तरी गती नियंत्रित करणारा व्हीएफडी हा जुन्या इमारतीतला सर्वांत भरवशाचा खर्च आहे, असे मी म्हणेन. शिवाय डक्टमधला घोंघाट कमी होतो, आणि तो थांबल्यावरच त्याचा किती त्रास होत होता हे लोकांच्या लक्षात येते.

हे सर्व झाल्यावर उरलेल्या भाराप्रमाणे यंत्राची क्षमता ठरवावी. क्रम उलटा केला, तर गळक्या इमारतीच्या मापाचे मोठे यंत्र विकत घेतले जाते आणि ते पुढची १५-२० वर्षे अर्ध्या भारावर कुंथत चालते. न्यूयॉर्कमधील एम्पायर स्टेट बिल्डिंग ही १९३१ मधली इमारत. २००९ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या सुधारणेत ६,५०० हून अधिक खिडक्यांच्या काचा काढून, इमारतीतच उभारलेल्या कार्यशाळेत त्यांच्यात उष्णतारोधक पडदा आणि वायू भरून पुन्हा बसवण्यात आल्या, रेडिएटरच्या मागे उष्णता परावर्तित करणारे पत्रे लावले गेले, दिव्यांची आणि नियंत्रणांची फेररचना झाली. त्यामुळे थंडाव्याची गरज इतकी घटली, की मोठे नवे चिलर (थंडाव्यासाठी पाणी गार करणारी मुख्य यंत्रे) घेण्याऐवजी जुन्या चिलरांचेच नूतनीकरण पुरले. एकूण ऊर्जावापर ३८ टक्क्यांनी कमी करण्याची ती योजना होती. तुमची इमारत चारच मजल्यांची असली, तरी कामाचा क्रम तोच राहतो.

प्रश्न : कार्यालयात मी दिवसभर गारठलेली असते. शेजारच्या विभागातील पुरुष सहकाऱ्यांना मात्र उकडते. तक्रार केली, तर “२२ अंश हे शास्त्रीय तापमान आहे, ते सर्वांना मानवते” असे उत्तर मिळते. हे खरे आहे का?
— एक कर्मचारी

उत्तर : सर्वांना मानवणारे एकच तापमान अस्तित्वात नाही, आणि हे ज्या शास्त्राचा दाखला तुम्हाला दिला जातो त्याच शास्त्राने सांगितलेले आहे. डेन्मार्कचे संशोधक फँगर यांनी १९७० मध्ये मांडलेले गणित आजही जगभरच्या मानकांत वापरले जाते. माणसाला वाटणारी थंडी किंवा उष्णता सहा गोष्टींवर अवलंबून असते, असे ते सांगते : हवेचे तापमान, भोवतालच्या भिंती-काचांचे तापमान, आर्द्रता, हवेचा वेग, अंगावरचे कपडे आणि शरीर निर्माण करत असलेली उष्णता. याच गणितानुसार सर्व काही आदर्श असतानाही निदान ५ टक्के लोक असमाधानी राहतात.

शरीराच्या उष्णतेसाठी या गणितात जी प्रमाण मूल्ये वापरली गेली, ती चाळिशीच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषावर आधारलेली होती. नेदरलँड्समधील किंग्मा आणि व्हान मार्केन लिख्टेनबेल्ट या संशोधकांनी कार्यालयीन स्वरूपाचे हलके काम करणाऱ्या १६ तरुण स्त्रियांची उष्णतानिर्मिती प्रत्यक्ष मोजली आणि प्रमाण मूल्ये स्त्रियांच्या बाबतीत ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरलेली असू शकतात, असे २०१५ मध्ये दाखवून दिले. अभ्यास लहान होता, पण “तुझ्याच अंगात काही कमी असेल” असे ऐकून घेणाऱ्या असंख्य स्त्रियांना त्याने आधार दिला. सडपातळ पुरुषांना आणि वयस्कर सहकाऱ्यांनाही हाच त्रास होऊ शकतो. ते बहुधा बोलत नाहीत.

उपाय असा आहे, की सर्वसाधारण तापमान वर न्यावे आणि ज्याला उकडते त्याला हवेचा झोत द्यावा. सेकंदाला सुमारे ०.८ मीटर वेगाची हवा अंगावर आली, की तापमान दोन-तीन अंशांनी कमी असल्यासारखे वाटते. त्यामुळे २२ ऐवजी २५ अंश ठेवून पंखे लावले, तर उकडणाऱ्यांची सोय होते आणि तुमचे गारठणे थांबते. तापमान एक अंशाने वाढवल्यास वातानुकूलनाच्या विजेत साधारणपणे ५-६ टक्के बचत धरली जाते, आणि नव्या पद्धतीच्या मोटरचा छताचा पंखा पूर्ण गतीलाही ३५ वॉटच्या आत चालतो. पंख्याचे बटण मात्र त्या त्या जागेवर बसणाऱ्याच्या हाताशी असले पाहिजे. आपल्या भोवतालावर आपले थोडेतरी नियंत्रण आहे, ही जाणीव असली की माणूस तापमानातला फरक अधिक सहजपणे सोसतो.

तुम्हाला एक सुचवतो. “मला थंडी वाजते” ही तक्रार सहज टाळली जाते. एक साधा तापमापक टेबलावर ठेवून आठवडाभर सकाळी ११ आणि दुपारी ४ वाजताची नोंद करा, आपली जागा जाळीपासून किती दूर आहे ते लिहा आणि ते पत्र देखभाल विभागाबरोबर लेखा विभागालाही पाठवा. लेखा विभागाला त्यातला पैसा दिसेल.

प्रश्न : बिल कमी करण्यासाठी आम्ही बाहेरची ताजी हवा आत घेणारे डॅम्पर बंद केले. बिल खरोखरच कमी झाले. पण दुपारनंतर लोक पेंगुळतात आणि डोके जड झाल्याचे सांगतात. याचा संबंध असेल का?
— एका लहान कंपनीचे मालक

उत्तर : दाट शक्यता आहे, आणि डॅम्पर आजच थोडे उघडावेत अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

बसून काम करणारा प्रौढ माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण आज दर दशलक्ष भागांत सुमारे ४२० आहे. माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा मिळाली, तर खोलीतले प्रमाण ९२० च्या आसपास स्थिरावते. अडीच लिटर मिळाली, तर ते २,४०० च्या घरात जाते. जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच चांगल्या हवेसाठी १,००० ची मर्यादा सुचवली होती. या पातळीला हा वायू स्वतः विषारी असतो असे त्यांचे म्हणणे नव्हते. माणसांच्या शरीरातून आणि सामानातून निघणारे इतर घटकही हवेत किती साचले आहेत, याची ती खूण होती. आजही आपण तो त्याच कारणासाठी मोजतो.

तुम्ही केलेला प्रयोग याआधी फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर ऊर्जा वाचवण्यासाठी इमारती घट्ट बंद करण्याची लाट आली. अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे ॲश्रेने, १९८१ च्या मानकात धूम्रपान नसलेल्या कार्यालयांसाठी किमान ताजी हवा माणशी सेकंदाला सुमारे अडीच लिटर इतकी खाली आणली. त्याच दशकात डोके दुखणे, डोळे चुरचुरणे, थकवा येणे आणि इमारतीबाहेर पडताच बरे वाटणे या तक्रारींना ‘सिक बिल्डिंग सिंड्रोम’ असे नावच पडले. १९८९ मध्ये त्या संस्थेने कार्यालयांसाठीचे प्रमाण सुमारे १० लिटरवर नेले.

खर्चाचा विचार करताना एक ढोबळ ठोकताळा वापरला जातो : कार्यालयाचा विजेचा खर्च १ धरला, तर जागेचे भाडे १० आणि पगार १०० असतात. प्रत्येक कंपनीचे प्रमाण वेगळे असेल, तुमचेही मांडून पाहा. पण वीज दहा टक्के वाचवताना कामाची दुपार हातची गेली, तर ती बचत टिकत नाही, हे मालक म्हणून तुम्हाला मी सांगायला नको.

मग वीज कशी वाचवावी? ताजी हवा माणसांच्या संख्येप्रमाणे द्यावी. बैठकीच्या खोलीत आणि मोठ्या दालनात कार्बन डायऑक्साइडचे संवेदक बसवून त्यांनाच डॅम्परचे नियंत्रण दिले, की रिकाम्या खोलीला हवा पुरवण्याचा खर्च थांबतो आणि भरलेल्या खोलीला ती पुरेशी मिळते. संवेदकांची अचूकता वेळोवेळी तपासावी लागते. ते काम कंत्राटात स्पष्ट लिहून घ्यावे. बाहेर टाकल्या जाणाऱ्या हवेतला थंडावा आत येणाऱ्या हवेला देणारे चाकही मिळते आणि ते त्यातला ६० ते ८० टक्के भाग परत मिळवते, पण त्यासाठी आत येणारा व बाहेर जाणारा डक्ट जवळजवळ असावे लागतात. जुन्या इमारतीत ते नेहमी जमत नाही. बाहेरची हवा थंड असते अशा पहाटेच्या वेळी पंखे चालवून इमारत त्या हवेने धुऊन घेणे मात्र जवळजवळ सगळीकडे जमते. बाहेरच्या हवेत धूळ जास्त असेल, तर फिल्टरची प्रत वाढवावी. त्या कारणाने डॅम्पर बंद करू नयेत.

प्रश्न : टेबलांवर कुंड्या ठेवल्याने हवा शुद्ध होते असे वाचले. यंत्रांपेक्षा हा स्वस्त उपाय नाही का?
— एक वाचक

उत्तर : हवेसाठी नाही. हा समज मुख्यतः १९८९ च्या नासाच्या एका प्रयोगातून पसरला आणि तो प्रयोग लहान बंदिस्त पेटीतला होता. २०१९ मध्ये कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी अशा प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले, तेव्हा इमारतीतल्या नेहमीच्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान १० आणि कदाचित १,००० पर्यंत झाडे लागतील असे दिसले. मनासाठी मात्र हिरवाई जरूर असावी. शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण समोर विटांची भिंत असणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली, हे रॉजर उलरिख यांनी १९८४ मध्येच दाखवले होते. त्यामुळे खिडकीला पाठ करून मांडलेली टेबले वळवली, तरी बरेच साधेल.

प्रश्न : आम्ही सर्व ट्यूबलाइट काढून एलईडी लावले. वीज वाचली, पण डोळे दुखण्याच्या तक्रारी वाढल्या. दिवे बदलण्यात चूक झाली का?
— देखभाल पर्यवेक्षक

उत्तर : निर्णय बरोबर होता, मांडणी चुकली असावी. जुन्या जागी तितक्याच संख्येने एलईडी लावले, की उजेड बरेचदा गरजेपेक्षा जास्त होतो. लिहिण्या-वाचण्याच्या टेबलावर ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) पुरेसे मानले जातात. लक्समीटरने मोजून पाहा. आठशे-हजार निघाले, तर काही दिवे काढून टाकता येतील किंवा मंद करता येतील आणि आणखी वीज वाचेल. दुसरे कारण म्हणजे उघडा झगझगीत पृष्ठभाग. कर्मचाऱ्याच्या खुर्चीत स्वतः बसा आणि संगणकाच्या काळ्या पडद्यात पाहा. त्यात दिव्याचे लखलखीत प्रतिबिंब दिसत असेल, तर तिथे बसणारा माणूस दिवसभर मान वाकडी करून काम करत असणार. तिसरे कारण दिव्याची थरथर. ती डोळ्यांना जाणवत नाही, पण स्वस्त ड्रायव्हर (दिव्याला योग्य वीज पुरवणारा भाग) असलेल्या दिव्याकडे मोबाइलचा कॅमेरा धरला तर पुष्कळदा पट्टे सरकताना दिसतात.

याहून मोठी गोष्ट खिडकीपाशी आहे. सकाळी ऊन डोळ्यांवर येते म्हणून पडदे खाली ओढले जातात, दिवे लावले जातात आणि ऊन गेल्यावर कुणी पडदे वर करत नाही. अशी कार्यालये भर दुपारी विजेच्या उजेडात चालतात. काचेबाहेर आडवी छज्जी किंवा उभ्या फळ्या लावल्या, तर ऊन आत येण्याआधीच अडते. आतला पडदा ते आत आल्यावर अडवतो, तोपर्यंत उष्णता खोलीत शिरलेली असते आणि ती काढण्याचे काम एसीला करावे लागते. दिव्यांच्या ओळींची वायरिंग खिडकीला समांतर करून घ्यावी, म्हणजे खिडकीलगतची ओळ स्वतंत्रपणे बंद राहू शकेल. खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासून जितकी उंची, त्याच्या दीड ते दोन पट आतपर्यंत दिवसाचा उजेड कामाला येतो. शरीराचे घड्याळ बरोबर चालण्यासाठीही हाच उजेड लागतो. त्याची नोंद घेणाऱ्या खास पेशी डोळ्याच्या पडद्यात असतात, हे या शतकाच्या सुरुवातीला स्पष्ट झाले आहे.

प्रश्न : आमची जागा भाड्याची आहे. मालक म्हणतात, “बिल तुम्ही भरता, मी काचांवर खर्च का करू?” आम्हाला वाटते, इमारत त्यांची, आम्ही का करावा? यातून मार्ग कसा निघेल?
— भाडेकरू कंपनीतील अधिकारी

उत्तर : जगभर असंख्य इमारती याच एका अडचणीमुळे सुधारायच्या राहिल्या आहेत. खर्च एकाने करायचा आणि फायदा दुसऱ्याला, अशी रचना असेल तर दोघेही आपापल्या परीने बरोबरच असतात. करारात खर्च आणि बचत यांची वाटणी लिहून घेणे हाच टिकाऊ मार्ग आहे : काम मालकाने करावे आणि बिलात प्रत्यक्ष दिसलेल्या बचतीचा ठरलेला भाग भाडेकरूने ठरलेल्या वर्षांपर्यंत द्यावा. त्यासाठी बचत मोजता आली पाहिजे, आणि ती मोजण्यासाठी तुमच्या मजल्याचा स्वतंत्र सबमीटर लागतो. क्षेत्रफळाप्रमाणे बिल वाटून घेतले जात असेल, तर तुम्ही वाचवलेली वीज शेजारच्या भाडेकरूच्या खिशात जाते.

काचांचा खर्च मोठा आणि परतफेड संथ असते, त्यामुळे बोलणी काचांपासून सुरू करू नयेत. वेळापत्रक, थर्मोस्टॅटच्या जागा आणि फिल्टर यांवरचा खर्च थोडा असतो आणि त्यातून मिळालेले आकडे मालकांसमोर ठेवता येतात. कराराचे नूतनीकरण अजून दूर असेल, तरी सबमीटरची परवानगी आत्ताच मागावी. नूतनीकरणाच्या बैठकीला वर्षभराच्या नोंदी हाती असलेला भाडेकरू आणि केवळ तक्रार घेऊन आलेला भाडेकरू यांचे म्हणणे मालक सारख्याच लक्षाने ऐकत नाहीत.